काही ठेवायचं हाय का?

नवा माणूस भेटला की आपल्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग पाहुण्यांतले पाहुणे निघतात. आमचे सर यातलं काहीच विचारत नसत. ते विचारत, घरी कॉम्प्युटर आहे का? असेल तर कोणत्या कंपनीचा? कंपनीचं नाव कळलं की समाधानानं मान हलवत आणि म्हणत, "म्हणजे तुमचं एफ-बारा." त्या दिवसापासून तो माणूस त्यांच्या लेखी एफ-बारावाला. कॉम्प्युटर सुरू करताना मेनू आणणारं बटन प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि सरांना माणसं या बटनांवरून लक्षात राहत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष एफ-दोन होते. ताडकळसच्या बँकेतले साहेब एस्केप होते. सरांचे थोरले साडू डिलीट होते. "शनिवारी डिलीटवाल्यांच्या घरी लग्न हाय, येणार न्हाई," असं ते मुख्याध्यापकांना सांगत आणि सही करून निघून जात.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायचो. शाळा ताडकळसला, घर परभणीला, रोज एसटीनं अपडाऊन. सरांचंही तसंच. ते गणित शिकवत आणि कॉम्प्युटरची खोली त्यांच्या ताब्यात होती. उंच, पुढं वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन नाही, पण काळ्या दोऱ्यात ओवलेले पाच-सहा पेनड्राइव्ह कायम. बसमध्ये त्यांच्याशेजारी बसायला कुणी तयार नसे. ते काम माझ्याकडे आलं, कारण मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि त्यामुळे मी वाद घालू शकत नव्हतो. सरांना तसा माणूस हवाच होता.

त्यांनी स्वतःची एक ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली होती. हे वाक्य लिहिताना मी अजूनही बिचकतो. मला जेवढं समजलं ते असं: कॉम्प्युटरच्या पोटात एक डिस्क असते आणि त्याला उठवणारी, चालवणारी सिस्टीम त्या डिस्कवर बसलेली असते. डिस्क मेली की कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. सरांची सिस्टीम मात्र पेनड्राइव्हवर होती. पेनड्राइव्ह लावायचा, सुरू करताना ते ठरलेलं बटन दाबायचं, की कॉम्प्युटर पोटातल्या डिस्कला न विचारता सरांच्या सिस्टीमवर उठायचा. काम संपलं, बंद केला, पेनड्राइव्ह काढून घेतला, की मागं काही खूण नाही. कुणी काय लिहिलं, काय पाहिलं, सगळं पुसलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी. सर याला 'लाइव्ह' म्हणत आणि त्यांना याचा फार अभिमान होता. मशीननं ध्यानात ठेवायचं नसतं, ध्यानात ठेवायला माणूस आहे, असं त्यांचं मत होतं. मशीन ध्यानात ठेवायला लागलं की त्याच्या पोटात घाण साचते आणि मग ते कुंथायला लागतं.

बसमध्ये ते याविषयी मोकळेपणानं बोलत. "आज ती उठलीच न्हाई," असं त्यांनी सुरू केलं की पुढच्या सीटवरची बाई हळूच मान वळवायची. "काल दोनदा उठवली. तोंड काळं करून बसली." बाई पुढच्या थांब्यावर जागा बदलायची. सरांच्या हे कधी ध्यानात आलं नाही.

पाया लिनक्स नावाच्या सिस्टीमचा होता, जगात कुणीही फुकट घ्यावा असा. त्यावर सर आपल्या मनासारखी घडण करत. घडण म्हणजे मुख्यतः काढणं. "काढता येतं ते काढा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी त्यांनी खेळ काढले. पत्त्यांचा डाव काढला तेव्हा मुख्याध्यापक काही दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते. मग कॅल्क्युलेटर काढला, कारण पाढे कशासाठी पाठ करतात? मग कोपऱ्यातलं घड्याळ काढलं, कारण वेळ बघत काम करणारा माणूस काम करत नसतो. एकदा काढण्याच्या भरात त्यांनी असं काहीतरी काढलं की कीबोर्डच चालेना. "माऊस तर चालायलाय की," असं मला सांगितलं खरं, पण दोन दिवसांनी गुपचूप परत घातलं.

यात नुसता विक्षिप्तपणा होता असंही नाही. आमच्या शाळेतले कॉम्प्युटर कुठल्याशा कचेरीनं वापरून टाकलेले होते. नेहमीची सिस्टीम त्यांच्यावर सुरू व्हायला अर्धा तास निघून जायचा. सरांची सिस्टीम पोरं हजेरीला 'हजर' म्हणेपर्यंत उठायची. "जुना हाय मनून बंद पडत न्हाई तो. त्याच्यावर ओझं लय टाकलंय," सर म्हणायचे. हे मला पटायचं. माझंही वय झालं होतं.

काढण्याची ही सवय त्यांच्या घरापर्यंत पोचली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बसायला खुर्ची नव्हती. वहिनींनी सतरंजी टाकली आणि सांगितलं की खुर्च्या होत्या, पण दिवसातून किती वेळ माणूस खुर्चीत बसतो याचा हिशोब मांडून यांनी त्या मेहुण्याला देऊन टाकल्या. टीव्ही गेला. भिंतीवरची चित्रं गेली. "माझा नंबर कधी लागंल त्याची वाट बघायली," असं वहिनी हसत म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. चहा उत्तम होता. कप मात्र दोनच होते, त्यामुळे त्या आमचा होईपर्यंत थांबल्या.

माझा आणि सिस्टीमचा संबंध एवढाच की मी तिला नावं पुरवत होतो. दर नव्या आवृत्तीला नाव लागतं असं सरांनी वाचलं होतं. परदेशात फुलांची, जनावरांची ठेवतात म्हणे. सरांना आपल्याकडच्या नद्यांची हवी होती आणि मी भूगोलाचा. मी कर्परा दिली, दुधना दिली, पूर्णा दिली. 'दुधना' एप्रिलमध्ये चालता चालता मधेच थांबायला लागली तेव्हा मी म्हटलं, नाव बरोबर पडलं. सर हसले नाहीत. आठवडाभर बसमध्ये माझ्याशेजारी बसले, पण खिडकीकडं तोंड करून.

सिस्टीमची भाषाही सरांची होती. बाकीचे कॉम्प्युटर इंग्रजीत बोलतात, किंवा मग असल्या मराठीत की तिच्यापेक्षा इंग्रजी बरी. सरांचा कॉम्प्युटर परभणीचा होता. सुरू होताना पडद्यावर यायचं, "थांबा की जरासिक, सुरू व्हायलोय." एखादी फाईल नसली की, "लय हुडकलं, सापडली न्हाई बगा." आमचे अध्यक्ष एकदा कॉम्प्युटरच्या खोलीची पाहणी करायला आले होते. त्यांना थांबा की जरासिक म्हणणारं त्या पंचक्रोशीत कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे कोण बोलतंय? सर म्हणाले, मीच. अध्यक्ष पुढच्या वर्गात निघून गेले.

सिस्टीम वेगवेगळ्या मशीनवर चालते का ते बघायचा त्यांना नाद होता. बँकेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, जिथं जातील तिथं ते नम्रपणे विचारत, जरा तुमचा कॉम्प्युटर बंद करून सुरू करू का? बहुतेक ठिकाणी नाही म्हणत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला बोरीला गेले होते. पोहे झाले, मुलीला शिक्षण विचारून झालं, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी रीतीप्रमाणे विचारलं, अजून काही विचारायचं का? सर म्हणाले, "आतल्या खोलीतला कॉम्प्युटर कोणत्या कंपनीचा हाय?" मुलीच्या बापाला वाटलं हुंड्याचं बोलणं निघालं. तो म्हणाला, तो पोरीच्या भावाचा आहे, देता येणार नाही. ते लग्न जमलं नाही. सरांनी मात्र निघताना दारातूनच कंपनीचं नाव वाचून घेतलं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस ते सांगत होते की बोरीत एक एफ-दहावाला आहे, आणि त्याच्यावर आपली 'कर्परा' बघायची राहून गेली.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं. बस पिंगळीच्या फाट्यावर उभी होती. सर म्हणाले, "एक माणूस पायजे. रोज उठून हीच लावंल आसा. माझ्या शाळेतला न्हाई, माझ्या घरातला न्हाई. त्याला मी म्हाईत बी नसावा." मी म्हटलं, एकच? "एक झाला की झालं," ते म्हणाले. मला ते फार थोडं मागणं वाटलं. ते किती अवघड आहे हे पुढं कळलं. घरी वहिनीही एकदा असंच बोलल्या. सर दूध आणायला गेले होते. त्या म्हणाल्या, "लोक लेकराबाळासाठी नवस करतेत. ह्यांचं एवढंच हाय. कुणीतरी एकानं वापरावं ओ."

अगदी तसा नाही, शाळेतलाच, पण रोज वापरणारा एक माणूस कार्यालयात मिळेल अशी आशा निर्माण झाली होती, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

आमच्या कार्यालयात एक बाबू होते. सालस माणूस, भिडस्त, कुणाच्या घरी पाणीसुद्धा एकदम घेणार नाहीत. आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी 'जेवता का?' विचारलं की पहिल्या विचारण्याला नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की 'आत्ताच झालं' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की हात धुवायला उठायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला लोक हावरा म्हणतात, आणि पहिल्या नाहीवर गप्प बसणाऱ्या घरधन्याला काय म्हणतात ते न सांगितलेलं बरं. हे कुणी शिकवत नाही, पण चुकत कुणीच नाही.

कार्यालयातल्या कॉम्प्युटरची डिस्क आचके देत होती. नवी मंजूर होईपर्यंत सरांची 'पूर्णा' वापरावी असं मुख्याध्यापकांनी मोठ्या मनानं ठरवलं. सरांनी बाबूंना सगळं समजावून सांगितलं. ही काही लक्षात ठेवत नाही, पण बंद करताना विचारते, तेव्हा सांगायचं, म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवते. बाबूंनी मान डोलावली. दिवसभर बसून त्यांनी वार्षिक परीक्षेचे सगळ्या वर्गांचे गुण भरले. मग बंद करायला गेले. पडद्यावर आलं, "काही ठेवायचं हाय का?" खाली दोन चौकोन, 'हाय' आणि 'न्हाई'. बाबूंनी 'न्हाई' दाबलं आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत बसले. कॉम्प्युटर बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमलो. बाबू रडकुंडीला आले होते. ते एवढंच म्हणत होते, "एकदाच इचारलं ओ साहेब. एकदा इचारल्यावर कुणी हाय मनतं का?" गंमत अशी की त्या खोलीत कुणालाच हे वेडेपणाचं वाटलं नाही. मुख्याध्यापकांनी मान हलवली. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, खरं आहे, दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. सरांवर काय बोलणी बसतील याची मला धास्ती होती, कारण ते वाद घालायला कमी करत नसत. पण सर उभे राहिले आणि म्हणाले की चूक माझी आहे, बाबूंची नाही. एवढं बोलून त्यांनी दोऱ्यातला पेनड्राइव्ह सोडून टेबलावर ठेवला. मुख्याध्यापकांनी तो आणि कॉम्प्युटरच्या खोलीतले बाकीचे सगळे कपाटात घातले आणि कपाटाला कुलूप लावलं. गुण आम्ही तिघा-चौघांनी मिळून पुन्हा भरले. नवी डिस्क लगेच मंजूर झाली, हेही सांगायला हवं.

मला वाटलं, आता हे खूळ संपलं. पण सुट्टीनंतर सर भेटले ते नवं नाव मागतच. मी गोदावरी दिली. इतके दिवस ती मोठी म्हणून राखून ठेवली होती. ही सिस्टीम तीनदा विचारायची. पहिल्यांदा, "काही ठेवायचं हाय का?" न्हाई म्हटलं की, "काहीच न्हाई? बगा बरं एकदा." पुन्हा न्हाई म्हटलं की, "आसं कसं, थोडं तरी ठेवा." तिसऱ्यांदा न्हाई म्हटल्यावर, "बरं, तुमची मर्जी," असं म्हणून ती बंद व्हायची. सरांनी मला बसमध्ये मांडीवरच्या लॅपटॉपवर ती दाखवली. मला ती मनापासून आवडली आणि मी तसं सांगितलं. सरांच्या कामाची स्तुती मी तेवढी एकदाच केली असेन. मुख्याध्यापकांनी मात्र कपाट उघडलं नाही.

मग त्या वर्षीच्या दहावीच्या निरोप समारंभात सरांनी एक गोष्ट केली. बाकीच्यांनी भाषणं केली, शुभेच्छा दिल्या, माझ्या भाषणात पोरांनी जांभया दिल्या. सरांनी प्रत्येक पोराच्या हातात एकेक पेनड्राइव्ह ठेवला, त्यात 'गोदावरी' होती, आणि आयुष्यात कुठंही, कुठलाही बंद पडलेला कॉम्प्युटर कसा उठवायचा हे पाच वाक्यांत सांगून खाली बसले. पोरांनी टाळ्या कडकडून वाजवल्या. सरांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

आठवड्याच्या बाजारात त्यातला एक पोरगा आम्हाला भेटला. वाकून पाया पडला. सरांना म्हणाला, "सर, लय भारी पेनड्राइव्ह दिला. पुसून टाकला की अख्खे पिक्चर बसतेत त्याच्यात. सगळ्यांनीच भरलेत." सर म्हणाले, "बसतील की. मी जागा लय कमी घेतली होती." पोरगा गेला. सरांनी मेथीची जुडी घेतली, ती हातात धरून बराच वेळ तिथंच उभे राहिले. मला त्या वेळी त्यांचं फार वाईट वाटलं, पण बाजारात उभं राहून काय बोलणार? मीही मेथी घेतली.

त्यानंतर ते बसमध्ये सिस्टीमविषयी बोलेनासे झाले. नवी आवृत्ती निघाली नाही. माझ्याकडं अजून लेंडी नदी शिल्लक होती, तीही कुणी मागितली नाही. पुढच्या सीटवरच्या बाया निर्धास्त बसू लागल्या. सर खिशातले पेनड्राइव्ह चाळवत बसत. काही शिकवण्या घ्या, वेळ जाईल, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा काही सुचवलं नाही. दोनेक वर्षं अशी गेली.

एका शनिवारी मी भाच्याच्या जावळासाठी पोखर्णीला गेलो होतो. नरसिंहाचं दर्शन झालं, जावळ झालं, आणि मेहुण्यांना पीक विम्याच्या कागदाची प्रिंट हवी म्हणून आम्ही रस्त्यावरच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. सेंटर म्हणजे पत्र्याचं दुकान, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि ते चालवणारी एक पस्तिशीतली ताई. विम्याची मुदत जवळ आलेली, त्यामुळे बाहेरपर्यंत रांग. तेवढ्यात लाइट गेली आणि आली. ताईनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडद्यावर आलं, "थांबा की जरासिक, सुरू व्हायलोय."

मेहुणे काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. मी रांग सोडून पुढं गेलो आणि ताईला विचारलं, हे कुठून आणलं? तिनं सांगितलं की तिची भाची ताडकळसला मामाकडं शिकायला होती, तिला शाळेत मिळालं. दुकानातली डिस्क जळाली तेव्हा भाचीनं हा पेनड्राइव्ह लावून दिला. तेव्हापासून रोज यावरच चाललं आहे. मी विचारलं, चांगलं चालतं का? हा प्रश्न विचारायला नको होता. ताईनं रांगेकडं पाठ केली आणि सुरुवात केली. रोज सकाळी प्रिंटर नव्यानं जोडावा लागतो. काल जोडला होता हे याला आज ठाऊकच नसतं. लाइट गेली की पुन्हा जोडा. लोक रांगेत ओरडतात. "आन् बंद करताना तर सासूवानी माघं लागतं. ठेवा, थोडं तरी ठेवा. मनून ठेवावं तर प्रिंटर तेवढा ठेवत न्हाई." आता ती कंटाळली होती. सोमवारी परभणीहून माणूस येणार होता, नवी डिस्क टाकून नेहमीची सिस्टीम बसवायला.

मी देवळाच्या आवारात जाऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.   मग सर म्हणाले, "सोमवारी, का? उद्या जाऊ."

रविवारी सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून पोखर्णीला नेलं.  अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. दुकानासमोर उतरल्यावर त्यांनी केस नीट केले. रांग कालच्यासारखीच होती. ताईनं मला ओळखलं आणि सरांकडं बघून विचारलं, हे कोण? मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "कंपनीकडून आलोय."

मग ताईनं कंपनीला जे सुनावलं ते मी सगळं लिहीत नाही. सर हात मागं बांधून उभे होते, आमच्या वर्गात गृहपाठ न केलेली पोरं उभी राहतात तसे. मधे एकदाही त्यांनी तिला तोडलं नाही. रोज सकाळी प्रिंटरची ओळख करून देताना ती कोणकोणती बटनं दाबते ते त्यांनी तिला करून दाखवायला लावलं, आणि पुन्हा एकदा लावलं. मग ते बाहेर आले आणि पत्र्याखालच्या सावलीत माझ्याशेजारी उभे राहिले.

"प्रिंटर ध्यानात ठेव मनलं की झालं," ते म्हणाले. "आज प्रिंटर, उद्या आनखी काय. मग हिच्यात आन् बाकीच्यात फरक काय ऱ्हायला?"

मी म्हटलं, ती उद्या बदलणार आहे, सर. फरक राहील, पण वापरणारं कुणी राहणार नाही.

सरांनी रांगेकडं पाहिलं. एक म्हातारा कागदाची गुंडाळी डोक्यावर धरून उन्हात उभा होता. "तिचं बरोबर हाय," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी लॅपटॉप उघडला. दुपार होईपर्यंत ते जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि ताई त्यांना ओलांडून कागद देत घेत होती. सिस्टीमचा कारखाना कसा असतो ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावत, सर थांबत, काहीतरी बदलत, पुन्हा ओळी धावत. काय करताय, असं मी विचारलं. पेनड्राइव्हवर एक छोटा कप्पा करतोय, त्यात फक्त प्रिंटर राहील, बाकी काही नाही, असं ते मान वर न करता म्हणाले. ताईनं मधे चहा मागवला. सरांनी तो गार करून प्यायला.

शेवटी त्यांनी पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. ताईनं तो लावला, एफ-नऊ दाबलं, सिस्टीम उठली. मग सरांनी तिला सांगितलं की आता बंद करा आणि पुन्हा सुरू करा. तिनं तसं केलं. रांगेतली माणसंही बघायला लागली होती. पुन्हा उठल्यावर तिनं प्रिंटरला हात न लावता म्हाताऱ्याचा कागद छापायला दिला. प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला.

ताईनं तिथंच फोन उचलला आणि परभणीच्या माणसाला सांगितलं, उद्या येऊ नका, कंपनीनं नीट करून दिलं. फोन ठेवून ती सरांकडं वळली. सर लॅपटॉप पिशवीत घालत होते.

"हे आधी करता येत न्हवतं का?" तिनं विचारलं.

"येत होतं."

"मग केलं का न्हाई?"

सरांचा हात पिशवीतच राहिला. "कुणी सांगितलंच न्हाई, ताई," ते म्हणाले. 

ताईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग काउंटरच्या मागून स्टूल ओढलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"बसा मग," ती म्हणाली. "लय सांगायचं हाय."